फ्लूची लस, जीबीएस आणि अर्धवट हिशेब

फ्लूच्या लसीने क्वचित माणूस लुळा पडू शकतो, हे विधान खरं आहे. हे सुरुवातीलाच मान्य करून टाकते, कारण खरा वाद त्याच्या पुढे सुरू होतो.

पावसाळा लागला, घरोघरी ताप-खोकला सुरू झाला आणि डॉक्टर वयस्कर मंडळींना फ्लूची लस सुचवू लागले की मोबाइलवर तेच ते संदेश फिरायला लागतात. त्यात १९७६ सालच्या अमेरिकेचा दाखला असतो, जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम या आजाराचं नाव असतं, व्हेंटिलेटरवरच्या कुणा अनोळखी रुग्णाचा फोटो असतो आणि शेवटी ‘आपल्या माणसांना वाचवा, लस घेऊ देऊ नका’ असं कळकळीचं आवाहन असतं. त्याला मिळणारं उत्तर बहुधा एकाच वाक्याचं असतं: ‘लस पूर्णपणे सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका.’ माझा प्रतिवाद त्या संदेशाशी आहे. पण या गुळगुळीत उत्तरामुळेच संदेशाचं फावतं, म्हणून त्यालाही मी सोडणार नाही.

आधी हा आजार काय आहे ते पाहू. ज्यांनी तो जवळून पाहिला आहे ते त्याला घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. तळपायाला मुंग्या येतात. एक-दोन दिवसांत जिना चढताना गुडघा दगा देतो, पायातली चप्पल निसटते आणि निसटल्याचं कळतही नाही. मग अशक्तपणा वर सरकतो, हातांची पकड जाते, शर्टाचं बटण लागत नाही. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने ठोकतात, पण पाय उडत नाही. मग ते एक साधी परीक्षा घेतात: खोल श्वास घ्या आणि एका दमात मोठ्याने आकडे मोजा. सकाळी पंचविसापर्यंत पोचलेला माणूस संध्याकाळी बारावर थांबला, तर तो धापा टाकत नसला तरी त्याला आयसीयूत हलवायची वेळ झालेली असते, कारण श्वासाचे स्नायू निकामी व्हायला लागलेले असतात. साधारण चारातल्या एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो. या सगळ्यात तो पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला ऐकू येतं, समजतं, फक्त हलता येत नाही.

१९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, गिलाँ, बारे आणि स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमधल्या अशा आजाराचं वर्णन केलं. पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली, पण पेशी मात्र वाढलेल्या नाहीत, ही त्यांनी नोंदवलेली खूण आजही निदानाला उपयोगी पडते. तिसऱ्याचं नाव मागे पडलं आणि ‘गुलेन बॅरी सिंड्रोम’ एवढंच रूढ झालं. शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते आणि तीच प्रतिपिंडं स्वतःच्या मज्जातंतूंवर उलटतात, असा हा प्रकार. ‘कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय’ या जुलाबाच्या जंतूच्या बाबतीत ही यंत्रणा चांगली उलगडली आहे: त्याच्या बाह्य आवरणावरचे शर्करायुक्त रेणू आणि आपल्या मज्जातंतूंवरचे गँग्लिओसाइड नावाचे रेणू जवळपास सारखे दिसतात. पहारेकऱ्याने चोर समजून घरच्याच माणसाला झोडपावं, तसं होतं. दोनतृतीयांश रुग्णांना हा आजार होण्याआधीच्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-तापाचा संसर्ग होऊन गेलेला असतो.

उपचार आहेत, पण ते महाग आहेत. शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन दर किलो वजनामागे २ ग्रॅम या हिशेबाने पाच दिवसांत देतात. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या, आणि एकेका बाटलीची किंमत हजारोंच्या घरात. इतकं करूनही शंभरातले तीन ते सात रुग्ण दगावतात, आणि सहा महिन्यांनीही पाचातला एक जण आधाराशिवाय चालू शकत नाही. ज्या घरात हे घडलं त्या घराला ‘हा दुर्मीळ आजार आहे’ असं सांगून काहीही साधत नाही.

आता १९७६. फेब्रुवारी महिन्यात न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स लष्करी तळावर एक तरुण सैनिक तापाने मरण पावला. त्याच्यात आणि त्याच्या काही सहकाऱ्यांमध्ये डुकरांमधल्या फ्लूचा विषाणू सापडला. १९१८ च्या महामारीच्या विषाणूशी त्याचं नातं जोडलं गेलं आणि वॉशिंग्टनमध्ये धावपळ उडाली. २४ मार्चला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी प्रत्येक अमेरिकन माणसाला लस देण्याचा संकल्प जाहीर केला. विमा कंपन्या लसउत्पादकांची जोखीम घ्यायला तयार होईनात, तेव्हा ऑगस्टमध्ये कायदा करून दायित्व सरकारने स्वतःकडे घेतलं. १ ऑक्टोबरला लसीकरण सुरू झालं आणि अडीच महिन्यांत चार कोटींहून अधिक लोकांना लस मिळाली. नोव्हेंबरात जीबीएसच्या तक्रारी येऊ लागल्या, १६ डिसेंबरला मोहीम थांबवली गेली. पुढच्या तपासण्यांत हा संबंध टिकला. लस घेतलेल्या दर एक लाख माणसांमागे सुमारे एक जादा रुग्ण, हा अंदाज आज सर्वमान्य आहे.

संदेश इथे थांबतो. पण १९७६ च्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग त्याने गाळलेला असतो: ती साथ आलीच नाही. फोर्ट डिक्सच्या कुंपणाबाहेर तो विषाणू पसरला नाही. लस ज्या रोगासाठी दिली गेली तो रोग देशात नव्हता, म्हणजे लाभ शून्य होता आणि तोटा लाखात एक. अशा स्थितीत मोहीम थांबवणं हा एकमेव योग्य निर्णय होता, आणि तो घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण दरवर्षी येणाऱ्या, दरवर्षी माणसं नेणाऱ्या फ्लूला १९७६ चा निकाल लावायचा म्हणजे रोग अस्तित्वातच नाही असं धरून चालायचं.

शिवाय तो लाखात एकचा आकडा त्या एका लसीचा आहे. तेव्हापासून अनेक हंगामांच्या लसी जीबीएसच्या बाबतीत तपासल्या गेल्या, कारण १९७६ ने सगळ्यांना धडा दिला होता. १९९२ ते १९९४ या दोन हंगामांच्या अमेरिकी अभ्यासात जोखीम दहा लाखांत एकाहून थोडी अधिक निघाली. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या लसीबद्दल अमेरिकेत २ कोटी ३० लाख लसवंतांची माहिती एकत्र केली, तेव्हा दहा लाखांत सुमारे १.६ जादा रुग्ण दिसले. काही हंगामांत काहीच वाढ आढळली नाही. थोडक्यात, १९७६ च्या तुलनेत जोखीम दहाव्या भागाच्या आसपास आली. १९७६ च्या लसीत नेमकं काय बिनसलं होतं, यावर आजही एकमत नाही.

संदेशातला दुसरा पुरावा म्हणजे ‘आमच्या ओळखीत अमक्याला लस घेतल्यावर तीन आठवड्यांनी जीबीएस झाला.’ झाला असेल. जीबीएस एरवीही वर्षाला लाखात एक ते दोन जणांना होतोच. एक कोटी लोकांना नुसतं पाण्याचं इंजेक्शन दिलं, तरी पुढच्या सहा आठवड्यांत त्यांच्यातल्या दहा-वीस जणांना केवळ काळाच्या योगायोगाने जीबीएस होईल. २००९ मध्ये महामारीच्या लसीकरणाआधी संशोधकांनी हे गणित मुद्दाम मांडून ठेवलं होतं आणि त्यांचा अंदाज वीस-एकवीस रुग्णांचा होता. त्या वीस घरांपैकी प्रत्येक घर लसीलाच दोष देईल, आणि ते साहजिक आहे. म्हणून तर एका घरच्या अनुभवावरून निष्कर्ष काढता येत नाही. सहा आठवड्यांत वीसऐवजी तीस रुग्ण निघाले का, हे मोजावं लागतं. ते मोजलं जातं आणि मोजून आलेले आकडे मी वर दिले आहेत.

आता संदेशात कधीच नसणारा तिसरा मुद्दा: फ्लूनेही जीबीएस होतो, आणि लसीपेक्षा जास्त होतो. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याच माणसाचे लस घेतल्यानंतरचे आठवडे त्याच्याच इतर काळाशी ताडून पाहिले होते, त्यामुळे वय, मधुमेह, घरची परिस्थिती यांचा घोळ आपोआप मिटतो. लस घेतल्यानंतर सहा आठवड्यांत जीबीएसची शक्यता दीडपट झाली. फ्लू म्हणून डॉक्टरकडे गेल्यानंतरच्या सहा आठवड्यांत ती जवळजवळ सोळापट झाली. प्रत्यक्ष संख्येत सांगायचं तर दहा लाख लसींमागे एक जादा रुग्ण आणि फ्लूसाठीच्या दहा लाख भेटींमागे सतरा. ब्रिटनमधल्या आधीच्या एका अभ्यासातही फ्लूसदृश आजारानंतर मोठी वाढ दिसली होती आणि लसीनंतर ती दिसली नव्हती.

लसीची बाजू घेणारे बरेच जण हा सतरा आणि एकचा आकडा टाळीसाठी वापरतात आणि तिथे थांबतात. मला ते पटत नाही, कारण तोही अर्धवट हिशेब आहे. लस सगळे घेतात, फ्लू मात्र सगळ्यांना होत नाही. दहा लाख लोकांपैकी एखाद्या वर्षी समजा दहा टक्के लोक फ्लूने डॉक्टरकडे गेले. म्हणजे एक लाख भेटी आणि त्यातून जीबीएसचे साधारण पावणेदोन रुग्ण. फ्लूची लस चांगल्या वर्षीही निम्म्याच आजारपणांना अडवते. म्हणजे वाचला एखादा रुग्ण, आणि लसीमुळे झालाही एखादाच. नुसत्या जीबीएसपुरतं पाहिलं तर जमाखर्च जवळपास बरोबरीत सुटतो. साथ मोठी असेल तर लसीच्या बाजूने झुकतो, साथ हलकी असेल तर उलट. ज्याला प्रामाणिकपणे वाद घालायचा आहे त्याने हे कबूल करावं. लसीच्या समर्थकांनीही करावं.

मग लस कशाला? कारण फ्लूने मरणारी माणसं जीबीएसने मरत नाहीत. ती न्यूमोनियाने मरतात, आधीच दमलेल्या हृदयाने मरतात, मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारावर चढलेल्या संसर्गाने मरतात. जगभरात दरवर्षी फ्लूशी संबंधित श्वसनविकारांनी २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख मृत्यू होतात, असा अंदाज आहे. त्याच ओंटारियो प्रांतातल्या २०१८ च्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सहापट आढळलं. आपल्याकडचं पाहायचं तर २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तो एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. २०१५ साली देशात स्वाइन फ्लूच्या बेचाळीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि जवळपास तीन हजार माणसं गेली. ज्यांची तपासणीच झाली नाही ती यात नाहीत. दहा लाखांत एकाच्या जोखमीसमोर हे ठेवा. सत्तरीतल्या मधुमेही बाईंना किंवा सात महिन्यांच्या गरोदर मुलीला ‘जीबीएस होतो, लस घेऊ नकोस’ असं सांगणारा माणूस तिला एका दुर्मीळ संकटापासून दूर नेताना त्याहून कितीतरी नित्याच्या संकटाकडे ढकलत असतो. त्याचा हेतू चांगला असतो, हे मी जाणते. परिणाम बदलत नाही.

विरोधकांच्या हाती याहून भक्कम पुरावा आहे. फारच थोड्यांना तो ठाऊक असतो, म्हणून मीच मांडते. २००९ च्या महामारीत युरोपात ‘पॅन्डेमरिक्स’ नावाची लस दिली गेली. तिच्यात प्रतिकारशक्तीला जोर देणारा ‘एएस०३’ हा पूरक घटक होता. ऑगस्ट २०१० मध्ये फिनलंड आणि स्वीडनमधून बातमी आली की लस घेतलेल्या मुलांमध्ये नार्कोलेप्सी वाढली आहे. या आजारात मेंदूतल्या, जागं ठेवणारं हायपोक्रेटिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात, आणि त्या पुन्हा येत नाहीत. वर्गात बसल्या बसल्या मूल झोपी जातं. विनोदाला खळखळून हसलं की गुडघ्यातलं बळ जाऊन खाली कोसळतं. फिनलंडमध्ये चार ते एकोणीस वयाच्या लसवंतांत एक लाखामागे सहा जादा रुग्ण आढळले. रुग्ण जवळजवळ सगळे एकाच जनुकीय ठेवणीचे होते. ही जोखीम खरी होती, मोठी होती आणि ज्या मुलांना ती भोवली त्यांना ती आयुष्यभर पुरणार आहे.

यातून ‘सगळ्या लसी घातक’ असं निघतं का? इतर घटकांच्या फ्लूच्या लसींमध्ये असा प्रकार दिसला नाही. उलट चीनमध्ये, जिथे ही लस वापरलीच नव्हती, तिथे २००९-१० च्या हिवाळ्यानंतर मुलांमधली नार्कोलेप्सी वाढली, आणि तिचा लसीकरणाशी संबंध लागला नाही. म्हणजे या विषाणूतच काहीतरी होतं, आणि त्या विशिष्ट लसीने ते तीव्र केलं असावं. तसंच स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हंगामात नाकातून द्यायच्या एका निष्क्रिय लसीमुळे चेहऱ्याचा अर्धा भाग लुळा पडण्याचे रुग्ण वाढले. ती लस बाजारातून गेली ती गेलीच. या दोन्ही वेळी दोष हुडकला तो डॉक्टरांनी, सरकारी आरोग्यसंस्थांनी, लसीकरणाची माहिती आणि रुग्णांची माहिती एकमेकींशी ताडून. ‘हे लोक सगळं दडपतात’ म्हणणाऱ्यांनी आपण हे आकडे कुणाकडून घेतले, हे स्वतःला विचारावं.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जे घडलं ते तर अजून ताजं आहे. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात बघता बघता जीबीएसचे रुग्ण वाढले. आकडा दोनशेच्या पुढे गेला, माणसं दगावली, कमावते हात महिनोन् महिने अंथरुणाला खिळले. कित्येकांना आधी जुलाब झाले होते. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला आणि संशय पाण्यावर गेला. ही गावं महापालिकेत घेतली गेली होती, पण शुद्ध केलेलं पाणी सगळ्यांच्या नळाला पोचलं नव्हतं. एवढा मोठा उद्रेक, आणि त्याचं मूळ दूषित पाण्यात. तरी ‘जीबीएस’ हा शब्द कानावर आला की आपण सिरिंजकडे बोट दाखवतो. ज्यांना या आजाराची खरोखर काळजी आहे त्यांनी आपल्या वॉर्डाच्या पाण्यात क्लोरीन किती, हे विचारलं तर जास्त पाय वाचतील.

आता उरला प्रश्न ‘पूर्णपणे सुरक्षित’ म्हणणाऱ्यांचा. दहा लाखांत एकाची जोखीम ही शून्य जोखीम नसते, आणि माणसांना हा फरक कळतो. त्यांच्यापासून तो लपवला की एक दिवस त्यांच्या हाती १९७६ चा कागद पडतो, आणि त्यानंतर त्यांना सांगितलेलं खरंही खोटं वाटायला लागतं. इंजेक्शन टोचण्याआधी अर्ध्या मिनिटात सांगता येईल: दंड दुखेल, अंग कसकसेल; अगदी क्वचित, पुढच्या काही आठवड्यांत पायांपासून वर चढणारा अशक्तपणा येऊ शकतो, तसं झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. हे ऐकून लस नाकारणारे थोडे निघतील. ऐकून घेणारे पुढच्या वर्षीही येतील.

आणि तो जो एक आहे, त्याचं काय? अमेरिकेत १९७६ नंतर खटल्यांचा डोंगर उभा राहिला. पुढे दोष कुणाचा हे सिद्ध न करता भरपाई देणारी व्यवस्था त्यांनी उभी केली. २०१७ पासून हंगामी फ्लूच्या लसीनंतर तीन ते बेचाळीस दिवसांत झालेला जीबीएस त्या सरकारी यादीत आहे, म्हणजे कार्यकारण सिद्ध करण्याचं ओझं रुग्णावर पडत नाही. ब्रिटन, फिनलंड, स्वीडनमध्ये नार्कोलेप्सी झालेल्या मुलांना भरपाई मिळाली. आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये, कोविड लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेवर, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की लस घेणं ऐच्छिक होतं, भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात जाता येईल. ज्याच्या हातात चमचा धरण्याचं बळ नाही, त्याने लस आणि आजार यांचा संबंध कोर्टात वर्षानुवर्षं सिद्ध करत बसायचं, ही भूमिका मला असह्य वाटते. सर्वांच्या भल्यासाठी लस घ्या असं सांगणाऱ्या राज्याने त्या एकाचा भार उचललाच पाहिजे. लसविरोधकांनी आपली सगळी ताकद या मागणीमागे लावली असती, तर मी त्यांच्या मोर्चात चालले असते.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, तोही खराखुरा आहे: ज्याला आधी जीबीएस होऊन गेला आहे त्याने काय करावं? फ्लूची लस घेतल्यापासून सहा आठवड्यांच्या आत ज्याला तो झाला असेल, आणि ज्याला फ्लू गंभीर होण्याचा वेगळा धोका नसेल, त्याने ती पुन्हा घेऊ नये, असंच वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. बाकीच्यांना सरसकट बंदी नाही. किरकटवाडीत दूषित पाणी पिऊन आजारी पडलेल्या माणसाचा आजार लसीने आणलेला नाही; त्याचं वय, त्याचा मधुमेह, त्याची फुप्फुसं आणि आजार होऊन किती काळ लोटला हे पाहून त्याच्या न्यूरोलॉजिस्टने त्याच्याशी बोलून ठरवायचं आहे.